पोस्टकार्डभर फट

लोटन मिस्त्रीच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही. हे मी सांगत नाही, तो स्वतः सांगायचा, आणि दिवसातून निदान दोनदा सांगायचा. जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांबांवरचा पत्रा, एक कडुनिंब, आणि कडुनिंबाला साखळीने बांधलेला जॅक. जॅक कशाला बांधलाय, तो काय पळून जाणार आहे का, असं मी एकदा विचारलं होतं.

"जॅक नही जास मास्तर, लोके उचली लई जातस," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला.

मी तेव्हा आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवायचो, म्हणून 'मास्तर'. माझी भाड्याची खोली गॅरेजच्या बरोब्बर समोर होती, आणि माझी स्कूटर वर्षातले चार महिने त्याच्या कडुनिंबाखाली असायची. म्हणजे ओळख व्हायलाच हवी होती. मापं घेणं हा माझा विषय. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी मी पोरांना वर्गाबाहेर काढायचो. आणि समोर हा माणूस निव्वळ अंदाजावर निम्म्या गावाच्या गाड्या चालवत होता. माझा किती जळफळाट होत असेल बघा.

त्याच्याकडे मापं नव्हती असं नाही. पोस्टकार्ड, एसटीचं तिकीट आणि विडीचं पान ही त्याची मापं. प्लगची फट एक पोस्टकार्ड. पॉइंटची फट दोन तिकिटं. एखाद्या नाजूक ठिकाणी विडीचं पान, तेही कोवळं. तिकिटं तो छपराच्या वाशाला खोचून ठेवायचा, आणि भुसावळच्या तिकिटापेक्षा पाचोऱ्याचं जाड असतं, असं त्याचं ठाम मत होतं. एकदा माझ्या स्कूटरचा पॉइंट त्याने असाच तिकिटावर लावला. मी खोलीवर येऊन दार लावलं आणि फट मोजायच्या पात्यांचा फिलर गेज घालून तपासला. बरोब्बर निघाला, केसाचाही फरक नाही. मी ते त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो माझ्या वर्गात शिकवायला आला असता.

पण सगळ्याच गाड्या बरोबर निघत नसत, आणि खरी मजा तिथून सुरू व्हायची. एका केळीवाल्याचा टेम्पो होता. लोटनने ब्रेकचे लायनर बदलले आणि टेम्पो असा किंचाळायला लागला की रस्त्यातली गुरं बाजूला व्हायची. केळीवाला तक्रार घेऊन आला. लोटनने चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. टेम्पोचा वास घेतला आणि म्हणाला, "केळीना चीक गया ड्रममां. तू घड झाकत नही." त्या भल्या माणसाने पंधरा दिवस घड पोत्यांत गुंडाळून नेले. सोळाव्या दिवशी लायनर आपोआप घासून जागेवर बसले आणि आवाज थांबला. त्यावर लोटन मिस्त्रीची कॉलर अशी ताठ झाली की विचारू नका. "सांगेल व्हतं ना मी?"

चूक कधी रस्त्याची असायची, कधी पेट्रोलची, कधी मालकाच्या बसण्याची. शाळेतल्या एका जाडजूड हेडमास्तरांना त्याने तोंडावर सांगितलं होतं, "गुरुजी, मोपेड ठीक शे. तुम्ही डाव्या बाजूले जास्त शेत." गुरुजी तेव्हापासून मोपेडवर उजवीकडे सरकून बसायचे. आमचं गावही असं की त्यांना कोणी अडवलं नाही.

त्याची आणखी एक फुशारकी म्हणजे वरणगावची दारूगोळ्याची फॅक्टरी. "तठे मी तोफले ब्रेक बसाडेल शे!" हे तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. एकदा त्याची मुलगी मंगला दुपारचा डबा घेऊन आली होती, तिने ऐकलं. डबा ठेवत ती मला म्हणाली, "मास्तर, तोफ लांबून पाहिली होती नानांनी. बारा दिवस भिंतीला रंग देत होते तिथे." लोटन भाकरी मोडत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "रंग देता देता ब्रेक बसाडा." बापाला असं तोंडावर उडवून लावणारी अख्ख्या चौफुलीत ती एकटीच. तिची आई ती सात वर्षांची असताना गेली. तेव्हापासून घरात दोघंच, आणि मला वाटतं, त्या घरात रोज कोणीतरी हसत असणार.

तर त्या साली मंगलाचं लग्न ठरलं, आणि नेमकी त्याच सुमाराला बापूंची गाडी आली.

बापू म्हणजे धुळ्याचे जिनिंगवाले. कापसात चांगले दिवस पाहिलेला माणूस. गुजरातेतल्या कुठल्याशा संस्थानिकाच्या तबेल्यातून त्यांनी एक जुनी विलायती गाडी उचलून आणली होती. लाल रंग, दोनच सीटा, वर छप्पर नाही, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आत बसलेला माणूस रस्त्यावरच्या कोंबडीच्या उंचीवर यायचा. बापूंना ती चालवायची नव्हती, तिच्यात दिसायचं होतं. पण दिसायला आधी थांबावं लागतं, आणि गाडी थांबत नव्हती. नरडाण्याच्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर ती फाटक तोडून एका ज्वारीच्या शेतात शिरली आणि बापू कणसांमध्ये उभे राहून दोन तास लोकांना दिसत राहिले. धुळ्यातल्या मिस्त्रींनी हात जोडले. मग गाडी ट्रकवर चढवून जळगावला, लोटनकडे.

त्या ब्रेकची गोष्ट साधी आहे, पण सांगायला हवी. आपल्याकडच्या गाड्यांना तेव्हा ड्रमचे ब्रेक असायचे, बंद डब्यातले. या गाडीच्या पुढच्या चाकांना मात्र उघडी लोखंडी थाळी होती, चाकाबरोबर फिरणारी, आणि तिच्यावर एक दणकट चिमटा. त्याला कॅलिपर म्हणतात. ब्रेक दाबला की चिमटा थाळीला दोन्हीकडून धरतो. तो थाळीच्या बरोब्बर मध्ये, सरळ बसला पाहिजे. जरा तिरका बसला की एका चाकाचा ब्रेक अर्धवट धरतो, दुसऱ्याचा पूर्ण, आणि गाडी पूर्ण धरणाऱ्या बाजूला ओढली जाते. चिमट्यामागे पातळ पत्र्याच्या चकत्या घालून तो सरळ करतात. बस, एवढंच.

लोटनने जन्मात असला ब्रेक पाहिला नव्हता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, थाळीवर नख वाजवून पाहिलं, आणि बापूंना सांगितलं, "असा तर ढीगभर करेल शेत."

बापू खूश झाले. समोर लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडला होता, तो पाहून म्हणाले, "मिस्त्री, ही सरळ थांबायला लाग, तुझ्या पोरीची पाठवणी हिच्यातूनच करू. माझा शब्द." दोन सीटांच्या गाडीत ड्रायव्हर बसवला तर नवरदेव कुठे बसवणार, हा प्रश्न होता. पण नवरदेवच धुळ्याला एसटीवर ड्रायव्हर! लोटनने ही बातमी संध्याकाळपर्यंत नशिराबादपर्यंत पोचवली. मिस्त्रीची पोरगी विलायती गाडीतून सासरी जाणार. भाजीवालीला ठाऊक, पोस्टमनला ठाऊक. आता गाडी सरळ थांबलीच पाहिजे होती.

पहिल्या दिवशी त्याने दोन्ही चिमटे साफ केले, जाम झालेले भाग मोकळे केले. डाव्या चाकाचा चिमटा पोस्टकार्डावर लावला. थाळीच्या आतल्या बाजूला पोस्टकार्ड, बाहेरच्या बाजूला पोस्टकार्ड, दोन्हीकडे सारखं सरकलं की झालं. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून चकत्या कापल्या. काम झालं, खोटं कशाला बोलू, उत्तम झालं. संध्याकाळी त्याच पोस्टकार्डावर त्याने अमळनेरच्या बहिणीला लग्नाची तारीख कळवली आणि ते पेटीत टाकलं. ग्रीसच्या डागासकट ते पोचलंही.

दुसऱ्या दिवशी उजवं चाक. पोस्टकार्ड नव्हतं. मग त्याने मंगलाची लग्नपत्रिका घेतली. एकुलत्या एका पोरीचं लग्न म्हणून पत्रिका अशी जाड छापून घेतली होती की तिच्यावर पोळी लाटावी. दोन्हीकडे ती घालून उजवा चिमटा बसवला आणि बापूंना निरोप धाडला.

ब्रेकचं काम केलं की पहिल्या फेरीला मिस्त्रीने गाडीत शेजारी बसायचं, हा त्याचा नियम होता. कोणी विचारलं तर म्हणायचा, "ब्रेक मन्हा, जीव बी मन्हा." त्याची ही एक गोष्ट मला आवडायची. बापू आणि तो नशिराबादच्या रस्त्याला निघाले, मी मागून स्कूटरवर. गावाच्या अलीकडे बापूंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण डावीकडे वळून, एका म्हशीच्या तोंडापाशी. म्हैस रवंथ करायची थांबली. लोटन खाली उतरला, रस्त्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "रस्ता उतरता शे. डाव्या आंगले."

परत येताना बापूंनी पुन्हा दाबला. पुन्हा डावीकडे. मी म्हटलं, "नाना, जाताना उतार डावीकडे असेल तर येताना तो उजवीकडे पाहिजे ना?"

"येवाना उतार न्यारा ऱ्हास," तो म्हणाला.

पुढचा महिनाभर हेच. गाडी डावीकडे जाते म्हणून तो डावं चाक उघडायचा. डावं चाक निर्दोष होतं. ते पुन्हा पुन्हा उघडून, पुसून, बसवून तो बिचारा थकला. टायर अदलाबदल केले. बापूंना उजवीकडे सरकून बसायला सांगितलं, ते हेडमास्तरांवर यशस्वी झालेलं औषध होतं. बापू इतके सरकले की एक खांदा गाडीबाहेर. तरी डावीकडे. मी घसा फोडून सांगत होतो की नाना, डावीकडे ओढते म्हणजे दोष उजव्या चाकात आहे, तो ब्रेक कमी धरतोय. आयटीआयमधून मी डायल गेजही घेऊन आलो. थाळीवर टेकवून चाक फिरवायचं, मग चिमट्यावर सरकवायचा, की किती तिरकं आहे ते काटा सांगतो. लोटनने त्या गोल तबकडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"घड्याळ लाईसन गाडी सुधरत नही मास्तर. घड्याळ हातमां बांध, टायमावर शाळाले जा."

चौफुलीवरचे सगळे हसले. मी गेज उचलून खोलीवर आलो. खरं सांगतो, त्या दिवशी मनात आलं, जाऊ दे ही गाडी खड्ड्यात, मिस्त्रीसकट. असं मनात येतं माणसाच्या. पण त्या गाडीत मिस्त्री नाही, मंगला बसणार होती, हे आठवलं आणि मी पुन्हा दुसऱ्या दिवशी समोर जाऊन उभा राहिलो. पुन्हा हसं करून घेतलं.

लग्न गॅरेजशेजारच्या मोकळ्या जागेत लागलं, दुपारचा मुहूर्त. वरण-बट्टीच्या पंगती उठल्या. लाल गाडी झेंडूने इतकी मढवली होती की समोरचे दिवे शोधावे लागत. पांढरंशुभ्र धोतर आणि गुलाबी फेटा घातलेला लोटन प्रत्येकाला गाडीपाशी नेऊन दाखवत होता, जसं काही तीच मुलगी आहे. पाठवणीआधी नवरदेव गाडी वळवून मांडवासमोर लावायला बसला. पन्नास माणसांची बस चालवणारा गडी, त्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन बसला होता. पन्नास पावलं गेला, वळवली, परत आला, आणि मांडवापाशी ब्रेक दाबला.

गाडी डावीकडे गेली आणि बँडवाल्याच्या मोठ्या ढोलात घुसली. ढोलवाला वेळेवर उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. ढोल फाटला. आणि पाहुण्यांचा जो हशा उसळला!

मग सुरू झाली समजूत. बापू म्हणाले, "काही नाही हो, रस्ता उतरता आहे." केळीवाला म्हणाला, "फुलांचं वजन डावीकडे जास्त झालं." कोणी म्हणालं, बँडवाला चुकीच्या जागी उभा होता. हेडमास्तर म्हणाले, जावयांनी जरा उजवीकडे सरकून बसावं. सगळी लोटनचीच वाक्यं, वर्षानुवर्षं त्याने वाटलेली, आज लोक प्रेमाने त्याला परत करत होते. जावईही म्हणाला, "मामा, चिंता नको. आमच्या डेपोत याच्यापेक्षा जास्त ओढणाऱ्या गाड्या आहेत. मी सांभाळून नेतो."

मंगला मुंडावळ्या सावरत पुढे आली. बापाला येता-जाता उडवून लावणारी ती पोरगी, त्या दिवशी मात्र म्हणाली, "नाना, मी बससू. तुमना हातनी गाडी शे." आणि तिने दाराला हात घातला.

लोटनने तो हात धरला.

"नको बसू, माय," तो म्हणाला. मग वऱ्हाडाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "रस्ता ठीक शे. फुलं ठीक शेत. ब्रेक मन्हा हातथून चुकेल शे."

बापूंचं तोंड उघडं राहिलं. केळीवाला तर असा बघत होता, जणू त्याला पंधरा दिवसांची पोती आठवली. लोटनने फेटा काढून मंगलाच्या हातात दिला, धोतराचा कासोटा घट्ट केला, कडुनिंबाचा जॅक सोडवला आणि मला म्हणाला, "मास्तर, तुन्हं घड्याळ आन."

मी धावत गेलो. कसला टोमणा मारायचा, कसलं काय, चपलासुद्धा घालायच्या राहिल्या.

उजवं चाक निघालं. गेज लावला. काटा सरसर सरकला. चिमटा एका टोकाला चांगलाच तिरका होता. लोटन काट्याकडे बघत राहिला. मग त्याने हत्यारांच्या पेटीतून ती पत्रिका काढली, जिच्यावर त्याने हा चिमटा लावला होता. ग्रीसने काळी झालेली, पण कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट स्पष्ट. आपल्याकडे लग्नपत्रिकेला कोपऱ्यावर हळदकुंकू लावल्याशिवाय ती देत नाहीत. आणि लोटन कोणतीही गोष्ट अर्धवट करत नसे, त्याने ते असं भरपूर थापलं होतं की वाळून चांगली खपली धरली होती. एका बाजूला त्याने पत्रिकेचा कोरा भाग घातला होता, दुसऱ्या बाजूला तो कोपरा. त्या खपलीच्या जाडीने विलायती गाडी महिनाभर आम्हाला नाचवत होती. त्याने अंगठ्याने खपली खरवडली, पत्रिका दोनदा कपाळाला लावली आणि खिशात ठेवली.

पुढचा पाऊण तास लग्नातले पाहुणे एक चाक बघत बसले. पांढऱ्या धोतरात आडवा पडलेला लोटन चकत्या घालायचा, मी काटा वाचायचो. "अजून अर्धा." "आता जास्त झालं, नाना." "थोडं मागे." तो एका शब्दानेही वाद घालत नव्हता, आणि मला ते अजिबात बरं वाटत नव्हतं. शेवटी काटा हलायचा थांबला. बँडने ढोलाशिवाय वाजवायला सुरुवात केली.

जावयाने गाडी एकदा नेऊन आणली, लोटन शेजारी, नियमाप्रमाणे. सरळ थांबली. तरी त्याचं समाधान होईना. "चौफुलीना आंगे एकदा दाब, तठे मी उभा ऱ्हासू," असं त्याने जावयाला बजावलं आणि पाठवणीची रडारड सुरू व्हायच्या आत पुढे चालू लागला. मागे मंगला बायकांच्या गळ्यात पडून रडत होती, बायका रडत होत्या, बापूसुद्धा डोळे पुसत होते. मुलीचा बाप मात्र दोनशे पावलं पुढे रस्त्याकडेला उकिडवा बसला होता, धुळीत नजर लावून. लोकांनी नावं ठेवली. काय बाप आहे, पोरीकडे बघत नाही, चाकाकडे बघतो!

गाडी आली. जावयाने ब्रेक दाबला. ती नाकासमोर थांबली, बरोब्बर लोटनच्या पुढ्यात. मंगला रडून लाल झालेली, तशातही म्हणाली, "व्हयनं ना सरळ, नाना?"

"जाय आते," तो म्हणाला.

गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. झेंडूची फुलं मागे पडत गेली. मी जवळ गेलो तेव्हा तो ब्रेक दाबल्यावर चाकं घासून धुळीत उठलेल्या दोन खुणा बोटांनी मोजत होता, डावीकडची, मग उजवीकडची, मग पुन्हा डावीकडची. दर वेळी त्याचं माप वेगळं निघत होतं. धोतर काळंकुट्ट झालं होतं.

"मास्तर," तो खाली बघतच म्हणाला, "तू मोज. सरळ थांबनी ना? दोन्ही सारख्या शेत ना?"

मी खाली बसलो आणि मोजलं. डावी खूण उजवीपेक्षा बोटभर लांब होती. बोटभर म्हणजे काहीच नाही, रस्ता तिथे खरंच जरा उतरता आहे.

"सारख्या आहेत, नाना," मी म्हटलं. "केसाचाही फरक नाही."